इंजिन आधी, वाहन नंतर : कॉसवर्थ डीएफव्ही इंजिनासाठी झालेल्या वाहननिवडीचा इतिहास (१९६६-१९८५)

प्रस्तावना :

'नालासाठी घोडा' हा वाक्प्रचार मराठीत उपहासाने वापरला जातो. नाल हाती लागला म्हणून घोडा विकत घेणाऱ्या माणसाला कोणी शहाणा म्हणत नाही. परंतु मोटारशर्यतींच्या इतिहासात असा एक कालखंड होऊन गेला, ज्यात नाल अगोदर तयार झाला आणि त्याच्यासाठी योग्य घोडा कोणता, या प्रश्नावर युरोपातील अत्यंत बुद्धिमान अभियंत्यांनी व व्यावसायिकांनी आपली वर्षे खर्च केली. हा नाल म्हणजे इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टन येथील कॉसवर्थ या छोट्या कंपनीने फोर्डच्या पैशातून घडविलेले तीन लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन, डीएफव्ही. १९६७ ते १९८३ या काळात या इंजिनाने, डीएफवाय ही त्याची सुधारित आवृत्ती धरून, फॉर्म्युला वनच्या १५५ जागतिक अजिंक्यपद शर्यती जिंकल्या. चालकांची बारा अजिंक्यपदे त्याच्या बळावर मिळविली गेली.

तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात अशा आकड्यांचे श्रेय सरसकट इंजिनाला देण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखकाला ती अपुरी वाटते. १९६९ आणि १९७३ या दोन वर्षांत अजिंक्यपदाची प्रत्येक शर्यत याच इंजिनाने जिंकली, म्हणजेच जिंकणाऱ्याकडे जे इंजिन होते तेच हरणाऱ्यांपैकी बहुतेकांकडेही होते. इंजिन समान झाले की प्रश्न उरतो तो वाहनाचा. ते कोणते निवडावे, कोणाकडून घ्यावे, की स्वतःच बांधावे? या निवडीवर विजय अवलंबून होता, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे काही वेळा चालकाचे प्राणही.

पूर्वपीठिका :

इंजिन हाती आहे आणि त्याला साजेसे वाहन हवे आहे, ही परिस्थिती डीएफव्हीच्या आधीही उद्भवली होती. पहिल्या महायुद्धानंतर विमानांची अवाढव्य इंजिने निरुपयोगी होऊन पडली. १९२१ मध्ये काउंट लुई झ्बोरोव्स्की याने सुमारे २३ लिटरचे मेबाख विमान-इंजिन युद्धपूर्व काळातील मर्सिडीजच्या सांगाड्यावर चढविले आणि ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर 'चिटी बँग बँग' ही मोटार आणली. त्याच्याच कार्यशाळेत २७ लिटरच्या लिबर्टी इंजिनाभोवती आणखी एक राक्षसी मोटार तयार झाली. १९२४ मध्ये झ्बोरोव्स्कीचा मृत्यू झाल्यावर ती जे. जी. पॅरी-थॉमस याने विकत घेतली, तिचे नाव 'बॅब्ज' ठेवले आणि १९२६ मध्ये पेंडाइनच्या वाळूवर तिच्यासह वेगाचा जागतिक विक्रम केला. पुढच्याच वर्षी, ३ मार्च १९२७ रोजी, त्याच वाळूवर त्याच मोटारीत तो ठार झाला.

या दोन्ही मोटारींत इंजिन हा पाहुणा होता आणि सांगाडा हा त्याला कशीबशी जागा करून देणारा यजमान. याउलट १९३३ मध्ये रीड रेल्टन याने जॉन कॉबसाठी जी नेपियर-रेल्टन मोटार आखली, तिचा सांगाडा २४ लिटरच्या नेपियर लायन या विमान-इंजिनासाठीच आखलेला होता. तिने १९३५ मध्ये ब्रुकलँड्सच्या फेरीत गाठलेला ताशी १४३.४४ मैलांचा वेग ती धावपट्टी बंद होईपर्यंत कोणाला ओलांडता आला नाही. जुन्या सांगाड्यावर इंजिन बसविणे आणि इंजिन समोर ठेवून सांगाडा आखणे यांतील फरक येथेच पुरेसा स्पष्ट होतो. तरीही नेपियर-रेल्टनमध्ये वजन आणि झटके सोसण्याचे काम सांगाड्याचेच होते. ते काम इंजिनावर टाकण्याचा विचार रूढ व्हायला आणखी तीन दशके जावी लागली.

१९६६ : इंजिनांचा दुष्काळ :

१९६१ ते १९६५ या काळात फॉर्म्युला वन मोटारींना दीड लिटरची मर्यादा होती. १९६६ पासून ती तीन लिटर करण्यात आली. नेमक्या याच वेळी, ब्रिटिश संघांना इंजिने पुरविणाऱ्या कॉव्हेंट्री क्लायमॅक्स या कंपनीने या क्षेत्रातून निवृत्त होण्याचे ठरविले. (ही कंपनी मुळात अग्निशामक पंपांची इंजिने बनवीत असे. पंप माणसांना उचलून नेता यावा म्हणून तिने घडविलेले हलके इंजिन शर्यतवाल्यांनी उचलले, आणि तेथून तिचा हा प्रवास सुरू झाला होता.)

तिच्या निवृत्तीमुळे झालेल्या गोंधळाचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रॅबहम बीटी१९ हे होय. रॉन टॉरॅनॅक याने ही मोटार क्लायमॅक्सच्या सोळा सिलिंडरी आडव्या इंजिनासाठी आखली. ते इंजिन शर्यतीत कधी उतरलेच नाही. रिकामा सांगाडा तसाच पडून राहिला. शेवटी जॅक ब्रॅबहमने त्यात ऑस्ट्रेलियातील रेप्को कंपनीचे इंजिन बसविले. जनरल मोटर्सने सोडून दिलेल्या ओल्ड्समोबाइलच्या ॲल्युमिनियम ब्लॉकवर आधारलेल्या या इंजिनाची शक्ती सुमारे ३०० अश्वशक्ती, म्हणजे फेरारीसारख्या प्रतिस्पर्ध्यांच्या मानाने बेताचीच होती. परंतु ते हलके होते, साधे होते आणि वेळेवर तयार होते. १९६६ मध्ये याच मोटारीने ब्रॅबहमने फ्रान्स, ब्रिटन, नेदरलँड्स आणि जर्मनी येथील लागोपाठ चार शर्यती जिंकल्या आणि स्वतःचे नाव असलेल्या मोटारीतून अजिंक्यपद मिळविणारा तो पहिला चालक ठरला. भलत्याच इंजिनासाठी बांधलेल्या वाहनाने अजिंक्यपद मिळवावे, हा या विषयाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगा अपवाद आहे. नियम मांडण्याची घाई झालेल्यांनी तर तो अवश्य लक्षात ठेवावा.

त्याच वर्षी लोटसने दुसरा मार्ग धरला. बीआरएम कंपनीचे सोळा सिलिंडरी 'एच-१६' इंजिन म्हणजे दोन आडवी आठ सिलिंडरी इंजिने एकावर एक रचून गिअरने जोडलेली. त्याचे वजन सुमारे २५० किलो होते. लोटस ४३ या मोटारीत हेच इंजिन सांगाड्याचा मागचा भाग म्हणून वापरले गेले. जिम क्लार्कने अमेरिकेतील वॉटकिन्स ग्लेन येथे या मोटारीने एक शर्यत जिंकली, पण त्या इंजिनाचा तो पहिला आणि शेवटचाच विजय ठरला. कल्पना बरोबर होती, इंजिन चुकीचे होते.

आराखड्यावर जुळलेली जोडी :

कॉसवर्थची स्थापना १९५८ मध्ये माइक कॉस्टिन आणि कीथ डकवर्थ यांनी केली. कंपनीचे नाव दोघांच्या आडनावांच्या तुकड्यांतून बनले. दोघेही पूर्वी लोटसमध्ये कॉलिन चॅपमनच्या हाताखाली काम केलेले. क्लायमॅक्सच्या निवृत्तीनंतर चॅपमन इंजिनाच्या शोधात होता. त्याचे म्हणणे ब्रिटनमधील फोर्डच्या वॉल्टर हेज व हार्ली कॉप यांनी ऐकले आणि एक लाख पौंडांची तरतूद झाली. एवढ्या रकमेत डकवर्थने दोन इंजिने द्यायची होती. पहिले फॉर्म्युला टूसाठीचे चार सिलिंडरी एफव्हीए, आणि त्याच्या अनुभवावर दुसरे डीएफव्ही. दर सिलिंडरला चार झडपा असलेल्या पहिल्या इंजिनाची ही जणू दुहेरी आवृत्ती, म्हणून नावात 'डबल फोर व्हॉल्व्ह'.

येथे वाहनाची निवड इंजिनाच्या जन्माआधीच झालेली होती, आणि हाच या प्रकरणाचा गाभा आहे. डकवर्थ आणि चॅपमन यांनी इंजिन व मोटार यांचा विचार एकाच वेळी केला. लोटस ४९ चा पत्र्याचा सांगाडा चालकाच्या पाठीमागे संपतो. त्यापुढे सांगाडा नाहीच. इंजिन थेट त्या भिंतीला बोल्टने जोडलेले असते आणि गिअरबॉक्स इंजिनाला. मागचे सस्पेन्शन याच दोहोंच्या आधाराने उभे राहते. (सस्पेन्शनला 'निलंबन' म्हणण्याचा मोह येथे टाळला आहे. महाविद्यालयीन वाचकांच्या मनात त्या शब्दाने भलतेच चित्र उभे राहील.) याचा अर्थ असा, की वळणावर मागच्या चाकांतून येणारा प्रत्येक झटका इंजिनाच्या ब्लॉकमधूनच पुढे जातो. इंजिन एकाच वेळी घोडाही आहे आणि खोगीरही.

असे करण्यात एक अडचण होती. तापल्यावर इंजिन वाढते, सांगाडा तितका वाढत नाही. दोन्ही ठिकाणी घट्ट आवळले तर काहीतरी तडकणारच. डकवर्थने खालच्या बाजूला दोन बोल्ट ठेवले आणि वरच्या बाजूला, सिलिंडर हेडच्या पातळीवर, पातळ त्रिकोणी पट्ट्या वापरल्या. या पट्ट्या मागे-पुढे येणारा भार पेलतात, पण इंजिन वाढेल तेव्हा बाजूला किंचित वाकतात. लांसियाने १९५४ मध्ये आणि फेरारीने १९६४ मध्ये इंजिनाला सांगाड्याचा अवयव करून पाहिले होतेच. त्यामुळे 'प्रथम' हा मान डकवर्थला देता येत नाही. त्याचे श्रेय निराळे आहे. त्याने इंजिनाचे वाहनाशी असलेले नाते चार ठरावीक जोडबिंदूंत बसविले. पुढे कोणालाही हे इंजिन घेऊन त्या चार बिंदूंना जुळणारी मोटार बांधता येणार होती. हे नाते त्या क्षणी केवळ लोटसचे होते, परंतु त्याची भाषा सर्वांना वाचता येण्यासारखी होती.

४ जून १९६७ रोजी झांडफोर्ट येथे लोटस ४९ प्रथम शर्यतीत उतरली. ग्रॅहम हिलने सरावात सर्वांत कमी वेळ नोंदविला. शर्यतीत तो आघाडीवर असतानाच त्याच्या इंजिनातील कॅमशाफ्टचे दंतचक्र निकामी झाले. त्या शर्यतीच्या सरावापर्यंत मोटार चालवूनही न पाहिलेल्या जिम क्लार्कने शर्यत जिंकली. त्या वर्षी क्लार्कने चार शर्यती जिंकल्या, पण अजिंक्यपद गेले रेप्को इंजिनाच्या ब्रॅबहममधून धावणाऱ्या डेनी हल्मकडे. सर्वांत वेगवान जोडी ती लोटस आणि डीएफव्हीची, परंतु ती रोज शेवटपर्यंत टिकत नव्हती.

खुली विक्री आणि चुकलेले घोडे :

पहिल्या वर्षी हे इंजिन फक्त लोटसकडे होते. एकट्या संघाची अशी मक्तेदारी राहिली तर जिंकूनही फोर्डचे नाव खराब होईल, हे हेज याने ओळखले आणि १९६८ पासून इंजिन इतरांनाही विकण्यास चॅपमनला राजी केले. किंमत ७,५०० पौंड. आता प्रश्न उलटा झाला. पूर्वी मोटारीला इंजिन शोधावे लागे, आता इंजिनाला मोटार.

हा प्रश्न किती अवघड होता, हे अपयशांवरून कळते. १९६८ मध्ये फोर्डसाठी लेन बेली याने 'एफ३एल' ही अत्यंत देखणी स्पोर्ट्स मोटार आखली आणि तिच्यात डीएफव्ही बसविले. ती वेगवान होती, पण वेगात अस्थिर होत असे. नुर्बुर्गरिंगच्या सरावात तिच्या अपघातात ख्रिस आयर्विन गंभीर जखमी झाला आणि त्याची कारकीर्द संपली. या मोटारीने एकही शर्यत पूर्ण केली नाही.

१९६९ मध्ये तर खुद्द कॉसवर्थलाच आपल्या इंजिनासाठी स्वतःचे वाहन हवेसे वाटले. डीएफव्हीची शक्ती केवळ मागच्या दोन चाकांना पेलवत नाही, असा त्या काळी समज होता. म्हणून रॉबिन हर्ड याने कॉसवर्थसाठी चारही चाकांना शक्ती देणारी मोटार आखली. तिच्यात इंजिन उलटे फिरवून बसविले होते. लोटस, मॅक्लॅरेन आणि मात्रा यांनीही त्याच वर्षी अशा मोटारी बांधल्या. सर्व जड ठरल्या. दरम्यान मोटारींना पंख लागले, हवेच्या दाबाने चाके रस्त्याला चिकटू लागली आणि चार चाकांच्या शक्तीची गरजच उरली नाही. कॉसवर्थची मोटार शर्यतीत उतरली नाही. ज्याने इंजिन घडविले त्यालाच त्याचे वाहन निवडता आले नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

१९७० : टिरेल आणि विल्यम्स :

केन टिरेल हा सरे परगण्यातील लाकडाचा व्यापारी. फ्रान्सच्या मात्रा कंपनीच्या सांगाड्यात डीएफव्ही बसवून त्याच्या संघाने १९६९ चे अजिंक्यपद जॅकी स्ट्युअर्टला मिळवून दिले होते. १९७० साठी मात्राने अट घातली, की आमची मोटार हवी असेल तर आमचेच बारा सिलिंडरी इंजिन घ्यावे लागेल. स्ट्युअर्टने ते चालवून पाहिले. त्याला डीएफव्हीच पसंत पडले. परिणामी जगज्जेता चालक आणि सर्वोत्तम इंजिन हाताशी असलेला टिरेल वाहनाविना उरला. प्रतिस्पर्धी आपली नवी मोटार त्याला विकणार नव्हते, आणि त्यांच्या जागी कोणीही विकली नसती. शेवटी त्याने नव्यानेच स्थापन झालेल्या मार्च कंपनीकडून '७०१' ही मोटार घेतली. तिचा आराखडा होता वर उल्लेखिलेल्या रॉबिन हर्डचा. स्ट्युअर्टने तिच्यातून स्पेनची शर्यत जिंकली, पण मोटार जड होती आणि तिच्यात सुधारणेला फारसा वाव नव्हता.

टिरेलने त्याच सुमारास गुप्तपणे दुसरा निर्णय घेतला होता. चार चाकांच्या शक्तिवहनावर काम केलेल्या डेरेक गार्डनर या अभियंत्याला त्याने स्वतःची मोटार आखायला सांगितले. गार्डनरने आपल्या घरी तिचा लाकडी नमुना उभा केला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात कॅनडात 'टिरेल ००१' ने सरावात पहिले स्थान मिळविले. १९७१ मध्ये स्ट्युअर्ट पुन्हा जगज्जेता झाला, यावेळी टिरेलच्या मोटारीतून. लाकडाच्या वखारीतून अजिंक्य मोटार निघू शकली, याचे कारण इंजिन बाजारात मिळत होते आणि त्याचे जोडबिंदू ठाऊक होते.

याच वर्षाची दुसरी कहाणी लिहिताना हात जड होतो. फ्रँक विल्यम्स याने १९६९ मध्ये जुनी ब्रॅबहम बीटी२६ विकत घेतली. मूळची ही मोटार रेप्को इंजिनासाठी बांधलेली. तिच्यात डीएफव्ही बसवून त्याच्या मित्राने, पिअर्स करेजने, मोनॅको आणि वॉटकिन्स ग्लेन येथे दुसरा क्रमांक मिळविला. अशी उधारीची जोडी किती पुढे जाऊ शकते याचा हा उत्तम नमुना होता. १९७० साठी विल्यम्सने इटलीतील दे तोमासो कंपनीशी करार केला. जानपाओलो दाल्लारा याने आखलेल्या नव्या मोटारीत डीएफव्ही बसले. २१ जून १९७० रोजी झांडफोर्ट येथे ही मोटार रस्ता सोडून उलटली आणि पेटली. तिच्या बांधणीत मॅग्नेशियम होते. त्या आगीत करेज गेला. शर्यत जिंकली योखेन रिंटने, नव्या लोटस ७२ मध्ये, त्याच डीएफव्हीच्या जोरावर. मागच्या वर्षी बार्सिलोनात पंख मोडून झालेल्या अपघातानंतर लोटसच्या नाजूकपणाबद्दल चॅपमनकडे लेखी तक्रार करणारा हाच रिंट. अकरा आठवड्यांनी, ५ सप्टेंबर रोजी मोंझा येथील सरावात लोटस ७२ च्या पुढील ब्रेकचा दंड तुटला आणि रिंटही गेला. त्या वर्षीचे अजिंक्यपद त्याला मरणोत्तर मिळाले.

या दोन्ही मृत्यूंचा दोष इंजिनावर येत नाही. हलके वाहन निवडावे की दणकट, कोणत्या धातूचे, कोणत्या हातांचे, हे निर्णय इंजिनाच्या मागे चार बोल्टच्या पलीकडे घेतले जात होते, आणि त्यांच्यावर कोणाचेही नियंत्रण नव्हते. खुल्या विक्रीने संघांना मोकळीक दिली. त्या मोकळिकीचा हा भाग विजयांच्या यादीत दिसत नाही.

आकाराचे महत्त्व :

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात इंजिनाच्या आकाराला अनपेक्षित मोल आले. लोटसने १९७७-७८ मध्ये मोटारीच्या दोन्ही बाजूंना, पोटाखाली, हवेचे बोगदे कोरले. त्यांतून जाणारी हवा मोटारीला रस्त्याकडे खेचून धरते. नव्वद अंशांच्या कोनातले डीएफव्ही खालच्या बाजूला अरुंद होते. त्यामुळे बोगद्यांना जागा उरली. फेरारी आणि आल्फा रोमिओ यांची आडवी बारा सिलिंडरी इंजिने नेमकी तेथेच पसरलेली होती. डकवर्थने १९६६ मध्ये हा विचार केला नव्हता. त्याला अरुंद इंजिन हवे होते ते सांगाड्याच्या रुंदीशी मेळ बसावा म्हणून. १९७८ मध्ये लोटसच्या मारियो आंद्रेत्तीने अजिंक्यपद मिळविले.

ब्रॅबहम संघाने १९७६ मध्ये डीएफव्ही सोडून आल्फाचे इंजिन स्वीकारले होते. बोगद्यांसाठी जागा नाही म्हणून गॉर्डन मरे याने १९७८ मध्ये मोटारीच्या मागे मोठा पंखा बसवून पोटाखालची हवा ओढून घेतली. त्या मोटारीने स्वीडनची एकच शर्यत खेळली, ती जिंकली आणि नंतर ती मागे घेण्यात आली. १९७९ च्या अखेरीस ब्रॅबहम डीएफव्हीकडे परतले आणि १९८१ मध्ये नेल्सन पिके त्याच जोडीने जगज्जेता झाला. अर्थात १९७९ चे अजिंक्यपद जोडी शेक्टरने फेरारीच्या त्याच आडव्या इंजिनासह मिळविले होते, हे विसरून चालणार नाही.

फॉर्म्युला वनच्या बाहेर या इंजिनाचे स्वभाव बदलत. चोवीस तासांच्या ल मां शर्यतीत त्याच्या कंपनांनी जोडलेले भाग तडकत. तरीही १९७५ मध्ये मिराज आणि १९८० मध्ये रोंदो या मोटारींनी त्याच्यासह ती शर्यत जिंकली. अमेरिकेत त्याची टर्बो आवृत्ती डीएफएक्स हिने १९७८ ते १९८७ अशी लागोपाठ दहा वर्षे इंडियानापोलिस ५०० जिंकली.

युरोपात मात्र टर्बो इंजिनांनी डीएफव्हीला मागे टाकले. ५ जून १९८३ रोजी डेट्रॉइट येथे मिकेले अल्बोरेतोने टिरेलच्या मोटारीतून मिळविलेला विजय शेवटचा ठरला. संघांच्या कोठारांत चांगल्या अवस्थेतील कितीतरी इंजिने पडून राहिली. पुन्हा एकदा इंजिने होती आणि वाहने नव्हती. यावेळी एखाद्या संघाने मोटार शोधली नाही. १९८५ मध्ये फॉर्म्युला ३००० ही शर्यतींची नवी मालिकाच सुरू करण्यात आली, आणि तीन लिटरची ही शिलकी इंजिने त्या मालिकेचा मुख्य आधार ठरली. पहिल्या वर्षी काही संघांनी जुन्या फॉर्म्युला वन मोटारीच काढून आणल्या, तर मार्च, राल्ट आणि लोला यांनी नव्या मोटारी विकल्या. अजिंक्यपद मिळाले मार्चमधून धावणाऱ्या क्रिस्टियान डॅनरला. खर्च आटोक्यात राहावा म्हणून इंजिनाच्या फेऱ्यांवर मिनिटाला ९,००० ची मर्यादा घालण्यात आली होती. १९६७ मध्ये झांडफोर्टला उतरलेले डीएफव्ही आपली सुमारे ४०० अश्वशक्ती साधारण याच आकड्यावर देत असे.